तुळशीदासचे सात दिवस

नावं बदलली आहेत. कोळीवाडा कोणता तेही सांगणार नाही. अंधेरीहून समुद्राकडे गेलं की दोन-चार लागतात, त्यांतला एक धरा. ऑफिसचं नाव तर विचारूच नका. तिथे टॅक्सी परमिटच्या खिडकीमागे मी एकतीस वर्षं बसले आणि गेल्या नोव्हेंबरात निवृत्त झाले, एवढं पुरे. निरोप समारंभात साहेब म्हणाले, "पद्मजाताईंच्या हातून एकही फाइल चुकीची गेली नाही." टाळ्या पडल्या. मी समोरच्या डिशमधल्या वेफर्सकडे बघत बसले.

ज्यांच्या घरात टॅक्सी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गाडी चालवायला लायसन लागतं, टॅक्सी चालवायची तर वर बॅज लागतो, आणि स्वतःची काळी-पिवळी भाड्याने फिरवायची तर सरकारचं परमिट लागतं. गाडी वीस वर्षांची झाली की ती मोडीत काढायची आणि ठरलेल्या मुदतीत त्याच परमिटवर नवी आणायची. मुदत हुकली की परमिट गेलं. मग दारात कितीही चकचकीत काळी-पिवळी उभी असो, तिच्यात प्रवासी बसवता येत नाही.

मी माणसांवर चटकन विश्वास ठेवणारी बाई नाही. खिडकीमागे बसलं की महिन्याभरात तो गुण जातो. समोरचा रडत आला तर आधी त्याच्या कागदांवरच्या तारखा बघायच्या, मग डोळे. आमच्याकडे बहुतेक लोक दलालाला पुढे करून यायचे आणि स्वतः बाहेर चहा पीत उभे राहायचे. तुळशीदासने मात्र कधी दलाल धरला नाही. खिडकी दहाला उघडायची, हा साडेनवालाच हजर. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद, आणि प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स. एकदा मी वैतागून म्हटलंही, "अहो, एक झेरॉक्स पुरते." तर म्हणाला, "एक तुमच्याकडून हरवली तर मॅडम?" रागावणार होते, पण आमच्याकडून खरंच हरवायच्या.

हा माणूस कोळ्याच्या घरात जन्मला आणि त्याला बोट लागायची. कोळीवाड्यात याहून मोठी थट्टा नाही. बापाची होडी, तीन भाऊ, आणि मधल्याला लाटांवर उलट्या होतात. पोरं त्याला किनाऱ्यावरूनच "ओकला रे ओकला" म्हणून ओरडायची. शेवटी बाप म्हणाला, होडीवर दोघांचंच पोट भरतं, तू तुझं बघ. तो टॅक्सीवर गेला. तेरा वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली, खाकी गणवेशात. आमच्या नियमात दुसऱ्याची टॅक्सी चालवणाऱ्याने खाकी घालायचं आणि परमिटवाल्या मालकाने पांढरं. परमिट मिळालं त्या दिवशी तो पांढरा शर्ट-पँट शिवून घेऊनच खिडकीवर आला होता. मी सही घेतली, शिक्का मारला. तो तिथेच उभा. म्हटलं, "झालं की, जा आता." तर म्हणाला, "जातो मॅडम. वाड्यातले म्हनायचे, ह्याची कदी होरी होनार नाय. झाली ना."

तेव्हापासून तो टॅक्सीला होरी, म्हणजे होडीच म्हणायचा. नारळी पौर्णिमेला भावांची होडी पुजून झाली की टॅक्सीला हळदकुंकू, हार आणि नारळ.

एकदाच त्याच्याविरुद्ध तक्रार आली. गाडीत मासळीचा वास येतो, असं एका प्रवाशाने लिहून दिलं होतं. मी नोटीस काढली. नोटिशीला लोक काय काय उत्तरं देतात! वास प्रवाशाच्याच पिशवीचा होता, तक्रार युनियनच्या राजकारणातून आली आहे, मी त्या दिवशी गावाला होतो. तुळशीदासने रेघा मारलेल्या कागदावर गोल अक्षरात तीन वाक्यं लिहून आणली. "त्या दिवशी बायकोची पाटी डिकीत ठेवली होती. चूक मान्य आहे. पुन्हा ठेवणार नाही." एकतीस वर्षांत चूक मान्य आहे असं लिहिलेला तो एकच कागद माझ्या हातात आला. मीच मग विचारलं, बायको बसते कुठे? तर पार्ल्याच्या बाजारात, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. त्या रविवारपासून मी मंजुळाची गिऱ्हाईक झाले. नवरा जितका शांत तितकी ही फाटक्या तोंडाची. पण तिच्याकडची मासळी कधी शिळी निघाली नाही, आणि मी ऑफिसातली बाई आहे म्हणून तिने मला कधी जास्तीचा तुकडाही घातला नाही.

गेल्या वर्षी तीन फेब्रुवारीला त्याच्या गाडीची वीस वर्षं भरली. आमच्याकडून नेहमीप्रमाणे छापील पत्र गेलं: वयोमर्यादा संपल्याच्या दिनांकापासून सहा महिन्यांत त्याच परमिटवर नवीन वाहन आणावे, अन्यथा परमिट रद्द होईल. मार्चमध्ये तो खिडकीवर आला. भंगार केंद्राने त्याला चोवीस फेब्रुवारीची तारीख दिली होती, त्या दिवशी गाडी मोडीत काढल्याचा दाखला जमा करायला. रांग मोठी होती. भाडेवाढ झाल्यामुळे मीटरवाल्यांची गर्दी उसळलेली, आणि माझा पंखा बंद.

"नवीन गाडीला सहा महिने ना मॅडम?"

"हो, सहा महिने," मी म्हटलं आणि पुढच्याचा कागद ओढला.

कधीपासून, ते मी बोलले नाही. पत्र वाचायचं ना मग, असं तुम्ही म्हणाल. मीही पुढे तेच म्हटलं. पण आमच्या ऑफिसची रीत सगळ्या स्टँडला ठाऊक होती. पत्रातली भाषा कुणाला कळत नाही, म्हणून पत्र घडी घालून ठेवायचं आणि खिडकीवर विचारायचं. खिडकीवरची बाई सांगेल ते खरं. ही सवय आम्हीच त्यांना लावली होती, कारण त्यामुळे काम लवकर उरकायचं.

तुळशीदासने मोजायला सुरुवात केली ती चोवीस फेब्रुवारीपासून. त्याच्या डोक्यात दुसरी तारीख येणंच शक्य नव्हतं. कोळ्यांच्यात होडी ज्या दिवशी किनाऱ्यावर ओढली त्या दिवसापासून तिची रजा धरतात. लाकूड किती वर्षांचं झालं ते कोण बघतं? जुनी टॅक्सी चोवीसला गेली, म्हणजे चोवीस ऑगस्टपर्यंत वेळ. नवी गाडी जुलैच्या शेवटी शोरूममध्ये तयार होती. त्या आठवड्यात तो आला असता तर काहीच झालं नसतं. पण मंजुळा आडवी आली. पौर्णिमेआधी नवी होडी पाण्यात टाकत नाहीत. दर्याला नारळ द्यायचा, मग होडी लोटायची. टॅक्सीला वीस वर्षं होरी म्हणत आलेला माणूस यावर काय बोलणार? तिथीप्रमाणे पौर्णिमा आठ ऑगस्टला, हातात भरपूर दिवस. थांबला.

आठला पौर्णिमेची सुट्टी, मग शनिवार-रविवार. सोमवारी, अकरा तारखेला, मी खिडकीची फळी वर केली तर समोर तो. नवा पांढरा शर्ट, कपाळाला कुंकू, हातात स्टीलचा डबा. "नारलाच्या वड्या हाईत मॅडम, सगल्यांना द्या. गाडी बाहेर उभी हाय, तात्पुरत्या नंबरावर. एकदा बघायला या ना." मी कागद घेतले आणि स्क्रीन उघडला. वयोमर्यादा समाप्त: तीन फेब्रुवारी. बोटांवर मोजलं. तीन ऑगस्टला रविवार, म्हणून चार धरली. आज अकरा. परत मोजलं.

"तुळशीदास, मुदत संपली."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. "तेरा दिवस हाईत की अजून. भंगारचा दाखला बघा ना, चोवीसचा."

"दाखल्यापासून नाही धरत. वय संपलं तिथपासून धरतात."

"पन तुमी सहा महिने बोल्लेला ना मॅडम?"

त्याच्यामागे वीस माणसं उभी होती. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा टाइप करायचा थांबला. आणि मी म्हटलं, "पत्रात स्पष्ट लिहिलंय. पत्र वाचलं नाही का तुम्ही?"

त्याने पिशवीतून पत्र काढलं, दोन्ही झेरॉक्ससकट. ओळीवर बोट ठेवून हळूहळू वाचलं. कुंकवाखालून घाम यायला लागला होता. "हो," तो म्हणाला. "लिवलंय हितं. तुमी बरोबर सांगितलं, मीच चुकीचं मोजलं." डबा तो खिडकीवरच विसरून गेला. वड्या कुणी खाल्ल्या मला माहीत नाही. मी नाही खाल्ल्या.

त्यानंतरचे पंधरा-सोळा दिवस मला अजून सुचू देत नाहीत. तो रोज यायचा. अर्ज दिला, वर दुसरा दिला, युनियनच्या माणसाला आणलं, तो चहा पिऊन गेला. गाडी ऑफिसच्या भिंतीला लावलेली असायची. हार वाळून काळा पडला तरी त्याने काढला नाही. दंड घ्या म्हणायचा. दिवसभर उन्हात उभं करा म्हणायचा. एकदा शिपायाच्या पाया पडायला वाकला, त्या पोराने घाबरून हात धरले. "माझं परमिट दुसऱ्याला देनार नाय ना मॅडम? ठेवून द्या पन देऊ नका," असं खिडकीच्या जाळीला तोंड लावून विचारायचा. मला त्याचा राग यायला लागला. खरं सांगते, राग. बाकावर त्याचा पांढरा शर्ट दिसला की माझं डोकं ठणकायचं. वाटायचं, भांड की रे एकदा, शिवी घाल, म्हण की या बाईने अर्धवट सांगितलं! पण तो माझ्याकडे बघून दरवेळी मान लववायचा.

महिनाअखेरीला साहेबांनी फाइल मागवली. आमचे साहेब वाईट नव्हते, नियमाच्या बाहेर मात्र एक पाऊल टाकायचे नाहीत. त्यांनी फाइल चाळली, जुन्या नोंदी बघितल्या, ती मासळीची कबुलीही वाचली. मग दार लोटायला सांगितलं.

"माणूस स्वच्छ दिसतोय. सात दिवसांचा प्रश्न आहे. मी मुदतवाढीसाठी वर पाठवू शकतो, पण मला कारण लागेल. बायको थांब म्हणाली, हे कारण चालत नाही. आपल्याकडून त्याला माहिती देण्यात काही राहिलं असेल तर चालतं. राहिलं होतं का, पद्मजाताई? असेल तर तसा शेरा लिहा. बाकीचं मी बघतो."

माझ्या हातात पेन होतं. एका ओळीचं काम. अर्जदाराने विचारणा केली असता मुदत कोणत्या दिनांकापासून मोजावी, हे सांगण्याचे राहून गेले. खाली सही. आता झोपेतही ती ओळ मला पाठ येते.

"नाही सर," मी म्हटलं. "पत्र वेळेवर दिलं होतं."

असं का म्हटलं? नोव्हेंबरात सुटणार होते. आमच्या एका सहकाऱ्याची निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली आणि त्याचा निकाल लागेपर्यंत तो ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होता, हे मी बघितलं होतं. घरी अनंतला, माझ्या नवऱ्याला, मी आदल्याच रात्री विचारलं होतं. तो म्हणाला, "नव्वद दिवस राहिलेत तुझे. आता कुठल्याही कागदावर स्वतःविरुद्ध एक अक्षर लिहायचं नाही." अनंतवर ढकलत नाही. तो बँकेतला माणूस, तो हेच सांगणार, आणि हेच ऐकायचं होतं म्हणून मी त्याला विचारलं. फार तर एक मेमो मिळाला असता. मी भित्री आहे, याहून मोठं कारण नाही.

परमिट रद्द झाल्याचा आदेश मीच टाइप केला. "विलंबासाठी सबळ कारण आढळून येत नाही." तो न्यायला तुळशीदास आला तेव्हा खिडकीवर गर्दी नव्हती. पोच म्हणून सही करायला सांगितली. त्याने सही केली आणि आदेशाच्या आपणहून दोन झेरॉक्स काढून आणल्या. एक मला दिली. "तुमच्या फाइलला राहू द्या. तुमी तरी काय करनार मॅडम. तुमी बरोबरच सांगितलेलं."

मी संडासात जाऊन नळ सोडला आणि रडले. रडून काय होणार होतं? परत येऊन पाच फायली काढल्या.

नवी गाडी महिन्याभरात विकली गेली. घेणाऱ्याने ती पांढरी रंगवून घेतली म्हणे. तुळशीदासने दुसऱ्याच्या टॅक्सीवर जायचा प्रयत्न केला. पण सत्तावन्नाव्या वर्षी परत खाकी चढवायची, तीही ज्या स्टँडवर वीस वर्षं पांढऱ्यात उभा राहिला त्याच स्टँडवर. दोन दिवस गेला आणि सोडलं. आता तो पुतण्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातो. हे मला मंजुळाकडून कळलं.

निवृत्त झाल्यावर महिनाभर मी बाजाराची ती गल्ली टाळली. डिसेंबरात एका बुधवारी गेले. मंजुळा नेहमीच्या जागी होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ये बाय. सुरमई हाय, घे." पूर्वी ती मासळी कापताना चार बायांना ऐकू जाईल असं बोलायची. आता गप्प कापत होती.

"तुळशीदास कसे आहेत?"

"कसे आसनार? होरीवर जातान. कडंला बसून वकतान. पोरा हसतान." कोयता सुरमईवर खाडकन पडला. "मना बोलत नाय त्यो. चार म्हयने झाले. ताट ठेवलं तं जेवतो, नायतर उपाशी निजतो. मीच ना थांबवला त्याना, पुनवंपावेतर थांब, थांब. मीच वाट लावली बाय त्याची. मना माजं तोंड बघावंसं वाटत नाय."

तिचे डोळे कोरडे होते, आणि तेच मला सोसवेना. इतके महिने मी समजत होते की दोष तुळशीदासने स्वतःकडे घेतलाय. तो त्याने घरी नेऊन बायकोच्या डोक्यावर ठेवला होता, आणि ती तो मुकाट्याने वाहत होती. मी तिच्या पाटापाशी उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. मार्चमधली गर्दी, माझं अर्धवट उत्तर, साहेबांनी विचारलेला प्रश्न. त्यांनी माझ्याकडे एकच ओळ मागितली होती आणि मी ती लिहिली नाही, हेही सांगितलं.

मंजुळाने कोयता खाली ठेवला. पदराला हात पुसले.

"येवडंच लिवायचं व्हतं?"

"हो."

"आनि लिवलं आसतंस तं तुना काय झालं आसतं?"

"कदाचित काहीच नाही."

मला वाटलं ती ओरडेल, सगळा बाजार गोळा करेल. मला ते हवंच होतं. मी म्हटलं, "मी आज घरी येते, मंजुळा. त्यांना माझ्या तोंडाने सांगते. निदान तुझ्यावरचा राग तरी जाईल."

"नको," ती झटकन म्हणाली. मग आवाज खाली आणला. "नको गो बाय. त्यो मना बोलत नाय, पन सांजचा घरला येतो. बायकोवरचा राग हाय, आज ना उद्या उतरंल. पन येवड्याशा लिवन्यापायी गेलं, आनि लिवनारी तू व्हतीस, ह्ये कललं तं? वीस वरसं तुजं नाव घरान देवाचं घेतल्यावानी घेई. मॅडम सांगतान ते खरं. त्यो देवच खोटा निंगाला तं त्यो कशाला धरून ऱ्हाईल? रोज दर्यान जातो बाय त्यो. कडंला बसतो. मना भ्याव वाटतं."

तिने सुरमई पिशवीत भरली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"माज्यावरच ऱ्हाऊ दे. आनि कवा रस्त्यान भेटला ना तुना, तं तूपन तेच बोल. बोल, तुज्या बायकोचंच चुकलं."